किती मिळतात, आणि तेवढेच का?

नोव्हेंबर 2021 मध्ये राज्य सरकारने संपावर गेलेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या मूळ वेतनात घसघशीत वाढ जाहीर केली. 10 वर्षांपर्यंत सेवा झालेल्यांना 5,000 रुपये, 10 ते 20 वर्षे सेवा असलेल्यांना 4,000 आणि त्याहून जुन्यांना 2,500. व्यवहारी हिशेबाने संप तिथेच मिटायला हवा होता. तो मिटला नाही. उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 ची मुदत घालून दिली, तेव्हा कुठे उरलेसुरले चालक-वाहक आगारात परतले. मधल्या काळात मुख्य मागणी एकच राहिली, एसटी महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण. या हट्टामागे राजकारण होते, वकिली होती, कामगार संघटनांची आपापसातली उणीदुणी होती, हे सगळे खरे. पण राजकारण पेटवायलाही सरपण लागते आणि ते सरपण कशाचे होते हे पाहण्यासारखे आहे. तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर तहसील कचेरी असते. तिथल्या शिपायाचा पगार ठरल्या सुमाराला होतो, महागाई भत्ता वाढला की त्याचाही वाढतो, वेतन आयोग आला की त्याचीही वेतननिश्चिती होते. वाहकाचा पगार मात्र महामंडळाच्या गल्ल्यावर आणि प्रवासी सवलतींपोटी शासनाकडून येणाऱ्या प्रतिपूर्तीवर टांगलेला. टाळेबंदीत गाड्या थांबल्या तेव्हा तो रखडत गेला. वाढीने रक्कम बदलली. पगार कोणत्या नियमाने आणि कोणाच्या हमीवर मिळणार, हा प्रश्न होता तिथेच राहिला.

कोणत्या कामाला किती पैसे मिळतात आणि घेणाऱ्याला त्याबद्दल काय वाटते, या जोडप्रश्नाचा विचार करताना आपण पहिल्या भागाकडे पाहून दुसऱ्याचे उत्तर गृहीत धरतो. जास्त मिळाले की समाधान जास्त, हा एक ठोकताळा. समाधान मानण्यावर असते, हा दुसरा, आणि तो बहुधा ज्याचे पोट भरलेले असते तोच ऐकवतो. दोन्हींतून हाती फारसे लागत नाही. उपलब्ध पुरावा पाहिला तर मला असे दिसते की, गरजेपुरती रक्कम पदरात पडू लागल्यावर माणूस आपल्या पगाराचा न्याय रकमेवरून करत नाही, तर तिच्यामागच्या नियमावरून करतो. नियम आहे का, असला तर तो दिसतो का, आणि ज्याच्या वाट्याला कमी येते त्यालाही तो पटण्याजोगा आहे का, यावर त्याचे बरेवाईट वाटणे ठरते. ‘गरजेपुरती रक्कम’ ही अट मात्र मोठी आहे आणि आपल्याकडच्या निम्म्याहून अधिक माणसांची गाडी तिथेच अडलेली असते.

कारण आधी हे लक्षात घ्यायला हवे की महिन्याचा पगार हीच मुळात अल्पसंख्याकांची गोष्ट आहे. केंद्राच्या 2023-24 च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातल्या काम करणाऱ्यांपैकी नियमित पगारदार सुमारे 22 टक्के, रोजंदारीवरचे सुमारे 20 टक्के आणि उरलेले 58 टक्के स्वयंरोजगारी. म्हणजे शेतकरी, टपरीवाले, रिक्षावाले, आणि घरच्या शेतात किंवा दुकानात एक पैसाही न घेता राबणारे, त्यातही बहुतांशी स्त्रिया. पगारदाराची सरासरी कमाई महिना 20 ते 21 हजार, स्वयंरोजगाऱ्याची 13 हजारांच्या आसपास आणि रोजंदारीवरच्याची दिवसाला 400 रुपयांपेक्षा थोडी जास्त, तीही काम मिळाले त्या दिवसाची. पुण्या-मुंबईच्या चर्चांमध्ये जो ‘मध्यमवर्गीय पगार’ गृहीत धरला जातो तो या आकड्यांच्या कितीतरी वर असतो. साहजिकच पगाराच्या समाधानावरचे बरेचसे लेखन वरच्या एका पातळ थराविषयी असते, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

या विषयावरचे संशोधन गेल्या पन्नास वर्षांत बरेच साचले आहे. 1974 मध्ये रिचर्ड ईस्टर्लिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने दाखवले की एका वेळी एकाच देशात पाहिले तर श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा अधिक समाधानी असतात, पण काळाच्या ओघात सगळ्यांचेच उत्पन्न वाढले तर समाधान त्या मानाने वाढत नाही. त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही आणि तो इथे उकरायचे कारण नाही. आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे काम पुढे झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांचे पगार कायद्याने सार्वजनिक होते आणि एका वर्तमानपत्राने ते संकेतस्थळावर टाकले होते. डेव्हिड कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही निवडक कर्मचाऱ्यांनाच या संकेतस्थळाची माहिती दिली आणि नंतर सर्वांना त्यांच्या समाधानाविषयी विचारले. आपल्याच विभागातल्या मधल्या पगारापेक्षा ज्यांना कमी मिळत होते ते अधिक नाराज झाले, दुसरी नोकरी पाहू लागले. ज्यांना जास्त मिळत होते त्यांना मात्र त्याचा काही विशेष आनंद झाला नाही. म्हणजे तुलनेचे माप एकाच बाजूला झुकते. वरच्याला आपला जास्तीचा पगार रास्तच वाटतो.

यावरून ‘हा सगळा मत्सराचा खेळ आहे’ असे म्हणण्याचा मोह होतो, आणि हाच या विषयातला सर्वांत प्रचलित आक्षेप आहे. शेजाऱ्याला काय मिळते यावर जळणाऱ्यांचे समाधान कोण आणि कसे करणार? त्याला उत्तर ओडिशातून मिळते. एमिली ब्रेझा, सुप्रीत कौर आणि योगिता शामदासानी यांचा 2018 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास तिथल्या हंगामी मजुरांवर झाला. तीन-तीन जणांचे गट केले होते आणि गटातले तिघेही एकच वस्तू बनवत. काही गटांत तिघांना सारखी मजुरी होती, तर काहींत आधीच्या कामाच्या वेगावरून तिघांना तीन दर दिले होते. सारख्या गटातल्या मजुराला जी मजुरी मिळत होती, नेमकी तेवढीच मजुरी घेणारा पण शेजारच्याला अधिक मिळते हे पाहणारा मजूर कमी माल काढू लागला, दांड्या मारू लागला. दांडी मारली की त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि ही माणसे सुखवस्तू नव्हती. तरीही त्यांनी ती बुडवली. अभ्यासातला खरा महत्त्वाचा धागा पुढेच आहे. ज्या वस्तूंच्या कामात कोण किती माल काढतो हे उघड दिसत होते, तिथे कमी मजुरीवाल्याचे मन असे बिघडले नाही. शेजाऱ्याला जास्त का मिळते हे त्याला डोळ्यांनी दिसत होते. हा निव्वळ मत्सर असता तर कारण दिसल्याने तो विरघळला नसता. ही माणसे तुलना करत होती ती नियम शोधण्यासाठी. नियम सापडला तिथे त्यांनी कमी मजुरीही मान्य केली.

मुंबईच्या गिरणी संपाकडे या नजरेने पाहिले तर त्याची एक बाजू उजळते. एके काळी गिरणी कामगार हा शहरातल्या औद्योगिक कामगारांत वरच्या पायरीवर होता. मुलगा गिरणीत आहे म्हटले की कोकणात आणि घाटावर सोयरीक जुळायला वेळ लागत नसे. सत्तरच्या दशकात अभियांत्रिकी, रसायन, औषध कारखान्यांतल्या कामगारांचे पगार त्याच्या पुढे निघून गेले, आणि त्यांतले कितीतरी करार कामगार नेते डॉ. दत्ता सामंतांनी केलेले होते. गिरणी कामगार त्याच चाळीत, त्याच मजल्यावर राहून शेजारच्या कारखान्याची पगारपावती पाहत होता. त्यातून गिरण्यांमध्ये बदली कामगारांची मोठी फौज. रोज दारात उभे राहायचे आणि कोणी गैरहजर असला तर आत जायचे. आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेकडे, जिच्यावरचा बहुसंख्य कामगारांचा विश्वास उडालेला. 1981 च्या दिवाळीत बोनसच्या करारावरून ठिणगी पडली, 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. मागण्यांत पगारवाढ होतीच, पण बदली कामगारांना कायम करा आणि तो कायदा हटवा या मागण्या नियमाविषयीच्या होत्या. हा संप रीतसर मागे कधीच घेतला गेला नाही. मालकांना गिरण्यांच्या धंद्यापेक्षा पुढे त्यांच्या जमिनी मोलाच्या वाटू लागल्या, ही वेगळी आणि अधिक कडू कहाणी.

याच गिरण्यांच्या इतिहासात माझ्या प्रतिपादनाला छेद देणारीही एक गोष्ट आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विणाई खाते हे चांगल्या कमाईचे खाते. तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि विटाळाची भीती आडवी येई. नियम स्पष्ट होता, सर्वांना माहीत होता, वर्षानुवर्षे पाळलाही जात होता. तेव्हा नियम दिसला की माणूस निवांत होतो, एवढ्यावर थांबता येत नाही. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला आणि संपाच्या पुढाऱ्यांना तो काहीशा नाखुशीने का होईना विचारात घ्यावा लागला. शेतावरच्या मजुरीतही हेच. बाईची हजेरी पुरुषापेक्षा कमी, हा दर कित्येक गावांत इतका पक्का असतो की बायाही त्यावर फारशी कुरकुर करत नाहीत. 1976 चा समान वेतनाचा कायदा कागदावरच राहिला. अमर्त्य सेन यांनी दाखवले आहे की पिढ्यान्‌पिढ्या वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षाच आखडून घेतात, आणि मग त्यांना ‘समाधानी आहात का’ विचारले तर ती हो म्हणतात. म्हणून समाधानाच्या पाहण्यांवर डोळे झाकून विसंबता येत नाही, आणि म्हणूनच वर तिसरी कसोटी घातली होती. नियम ज्याच्या अंगावर पडतो त्याला पर्याय मिळाल्यावरही तो पटतो का? महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेवर कामाच्या मापाप्रमाणे स्त्री-पुरुषांना एकच दर होता, तेव्हा बाया मोठ्या संख्येने त्या कामांवर आल्या. गावातला दर त्यांना किती पटत होता याचे उत्तर त्यांनी पायांनी दिले.

आता ती ‘गरजेपुरत्या रकमेची’ मोठी अट. ज्याला दोन वेळचे भागत नाही त्याला नियमाचे काय सांगता, हा आक्षेप रास्त आहे. ऊसतोड कामगारांचे उदाहरण घेऊ. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दर हंगामात लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात तोडणीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, टनाला सुमारे 273 रुपयांवरून 366 च्या आसपास गेला. एका कोयत्याने दिवसभरात दोन टन तोडला तर दोघांचे मिळून 700 ते 750 रुपये होतात, आणि दिवस म्हणजे पहाटेपासून गाडी भरून कारखान्याकडे निघेपर्यंत, कधी मध्यरात्रीपर्यंत. इथे रक्कम हाच मोठा प्रश्न आहे, यात वाद नाही. तरीही नीट पाहिले तर नियम इथेही आडवा येतोच. मजूर हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो. मग त्याची मजुरी त्याच्या हातात पडतच नाही, ती उचलीत वळती होते. हिशेबाची वही मुकादमाकडे. आजारपणाने, पाळीच्या त्रासाने एक दिवस चुकला की खाडा, म्हणजे मजुरी तर गेलीच, वर दंड. हंगाम संपला की बहुतेकदा बाकी अंगावर राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावे लागते. 2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, शासनाच्या समितीच्या पाहणीत अशा 13 हजारांहून अधिक स्त्रिया आढळल्या. याची कारणे अनेक आहेत, खासगी डॉक्टरांचा लोभही त्यात आहे. पण खाड्याची धास्ती हे त्यातले एक कारण म्हणून पुन्हा पुन्हा पुढे आले. दर टनामागे सुमारे 93 रुपयांनी वाढल्याने वही मजुराच्या हातात येत नाही. गरिबाला रक्कम आधी लागते हे खरे, मात्र गरिबाला नियमाची फिकीर नसते हे खरे नाही. नियम नसल्याची सर्वांत मोठी किंमत तोच मोजतो.

सर्वांत लखलखीत पुरावा मात्र शाळा-कॉलेजच्या शिक्षक खोलीत बसलेला आहे. एकाच माध्यमिक शाळेत एक शिक्षक शंभर टक्के अनुदानित तुकडीवर असतो, दुसरा वीस किंवा चाळीस टक्क्यांच्या टप्प्यावर, तिसरा विनाअनुदानित वर्गावर. अभ्यासक्रम तोच, मुले त्याच गावची, पदवीही तीच. पहिल्याला सातव्या वेतन आयोगाचा पूर्ण पगार, दुसऱ्याला त्याचा तुकडा, आणि तिसऱ्याला संस्थाचालक देईल ते, कधी काहीच नाही. टप्पावाढीसाठी आझाद मैदानावर बसायचे, अधिवेशन आले की पुन्हा बसायचे, ही कित्येकांच्या उमेदीच्या वर्षांची दिनचर्या झाली. त्यांच्या शेजारी शिक्षणसेवक आहेत. 2000 सालापासून चालत आलेल्या या योजनेत पहिली तीन वर्षे मानधनावर काढायची. प्राथमिकला ते 6,000 रुपयांवर अनेक वर्षे गोठून राहिले होते, 2023 मध्ये ते 16,000 झाले. वरिष्ठ महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेले सीएचबीवाले. सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन 57,700 रुपये, आणि सीएचबीवर असलेला नेट-सेट, पीएच.डी. झालेला माणूस तासाप्रमाणे पैसे घेतो, सुट्टीत बिनपगारी राहतो आणि पुढच्या जूनमध्ये नव्याने मुलाखत देतो. यांच्यातल्या कोणाला विचारले तर तक्रार ‘पगार कमी आहे’ अशी सुरू होते आणि लगेच ‘माझ्यात आणि त्याच्यात फरक काय’ इथे येते. या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच आहे: एकाची नेमणूक झाली त्या वर्षी शासनाकडे पैसा होता आणि दुसऱ्याच्या वर्षी नव्हता. हे कारण आहे, पण तो नियम नव्हे. ओडिशातल्या मजुराला शेजाऱ्याचा ढीग दिसला तशी इथे दाखवण्यासारखी कोणतीच गोष्ट नाही.

आशा सेविकांचे प्रकरण थोडक्यात. 2005 पासूनच्या या योजनेत त्या कागदोपत्री स्वयंसेविका आहेत, त्यामुळे किमान वेतनाचा कायदा त्यांना लागत नाही. मोबदला कामागणिक, जसे ग्रामीण भागात दवाखान्यातल्या एका प्रसूतीमागे 600 रुपये. करोनात त्या दारोदार फिरल्या, 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा गौरव केला. महाराष्ट्रात 2023 च्या अखेरीस त्यांनी संप केला, आश्वासन मिळाले, शासन निर्णयासाठी पुन्हा मैदानात यावे लागले आणि मार्च 2024 मध्ये दरमहा 5,000 रुपयांची वाढ निघाली. वाढ झाल्यावरही कर्मचाऱ्याचा दर्जा द्या ही मागणी कायम राहिली. एसटीचाच पाढा.

यावर एक चलाख तोडगा सुचवला जातो. तुलनेने माणूस दुखावतो ना, मग पगार गुप्त ठेवा. आयटी कंपन्यांमध्ये हाच शिरस्ता आहे. आपला पगार सहकाऱ्याला सांगू नये अशी तंबी नेमणूकपत्रातच असते. परिणाम काय झाला ते हिंजवडीत कोणालाही माहीत आहे. मोठ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या इंजिनिअरचे वार्षिक पॅकेज दशकभराहून अधिक काळ साडेतीन लाखांच्या आगेमागेच घुटमळत राहिले, आणि त्याच काळात भाड्यांचे काय झाले हे सांगायला नको. चार वर्षे इमानाने एका जागी राहिलेल्याला अप्रेजलमध्ये बेताची वाढ, आणि बाहेरून ‘स्विच’ मारून आलेल्या त्याच अनुभवाच्या माणसाला त्याच्या दीडपट पगार, हे गुपित चहाच्या टपरीवर फुटतेच. मग अंदाज, कुजबुज आणि रेटिंग देणाऱ्या मॅनेजरविषयीचा संशय यांचे राज्य सुरू होते. गुप्ततेने तुलना थांबत नाही, फक्त तिची माहिती बिघडते. उलट टोकाचा अनुभव नॉर्वेचा आहे. तिथे 2001 मध्ये सर्वांच्या करविवरणाच्या नोंदी इंटरनेटवर सहज दिसू लागल्या, तेव्हा श्रीमंत आणि गरीब यांच्या समाधानातली दरी वाढली; खालच्याला आपण किती खाली आहोत ते कळले. पुढे 2014 मध्ये कोण कोणाची नोंद पाहतो हे उघड होऊ लागले आणि डोकावणाऱ्यांची संख्या झपाट्याने घसरली. म्हणजे नुसते आकडे चव्हाट्यावर मांडणे हाही उपाय नव्हे. आकड्याबरोबर कारण यायला हवे.

कारण देण्याची यंत्रणा सरकारकडे आहे, फक्त ती स्वतःच्या माणसांपुरती. 1957 च्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारित किमान वेतनाचे सूत्र ठरवले: कुटुंबात उपभोगाची तीन एकके, प्रत्येकी 2,700 उष्मांक, वर्षाला कुटुंबासाठी 72 वार कापड, घरभाडे, जळण. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात मुलांचे शिक्षण, औषधपाणी, म्हातारपण यांसाठी 25 टक्के धरायला सांगितले. सातव्या वेतन आयोगाने याच वाटेने जाऊन किमान मूळ वेतन 18,000 रुपये आणि सर्वोच्च 2,50,000 ठरवले. वरच्या-खालच्यांत साधारण चौदा पटींचे अंतर, तेही छापील अहवालात कारणांसह. देशातल्या बाकीच्या मजुरांसाठी केंद्राने सुचवलेला तळदर मात्र 2019 मध्ये दिवसाला 178 रुपये होता, महिन्याच्या 26 दिवसांचे 4,628. त्याच वर्षी केंद्राच्याच तज्ज्ञ समितीने 375 रुपयांची शिफारस केली होती. ती बाजूला पडली.

तेव्हा 2023 मध्ये 4,644 तलाठी पदांसाठी 10 लाखांहून अधिक अर्ज आले याचे नवल वाटू नये. अर्थशास्त्राचे काही पंडित याला सरकारी नोकरीचे वेड म्हणतात, खासगी क्षेत्रात जोखीम घ्यायला तरुण कचरतात म्हणतात. ज्या समाजात दिसणारा आणि पाळला जाणारा पगाराचा नियम जवळपास एकाच मालकाकडे आहे, तिथे त्या मालकाच्या दारात रांग लागणे याला वेड म्हणणे मला पटत नाही. वरकमाईचे आकर्षण असते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पाच-पाच वर्षे पुण्यातल्या अभ्यासिकांत काढणारी सगळीच पोरे लाचेच्या आशेने बसलेली नसतात.

पण नियमात बसलेली माणसे तरी कुठे समाधानी आहेत, असा उलट सवाल येतो. मार्च 2023 मध्ये राज्यातले लाखो सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी आठवडाभर संपावर होते. तेव्हा बेरोजगारांमधून ‘अर्ध्या पगारात आम्ही हे काम करू’ अशी भाषा उघडपणे ऐकू आली आणि समाजमाध्यमांत कर्मचाऱ्यांची फारशी गय केली गेली नाही. हा संप पाहिला तर तोही एका रेघेवरून होता. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेल्याला शेवटच्या पगाराच्या निम्मी हमीची पेन्शन, त्यानंतरच्याला बाजारावर हेलकावणारी. त्याच कचेरीत, शेजारच्या टेबलावर. शासनाच्या तिजोरीच्या दृष्टीने ती तारीख आवश्यक असेल. पुढे 2024 मध्ये निम्म्या पगाराइतकी हमी देणारा मधला मार्गही काढला गेला. इतकेच लक्षात घ्यायचे की चांगल्या पगाराची माणसेही रकमेसाठी रस्त्यावर क्वचितच येतात, रेघेसाठी येतात. आणि बेरोजगाराचा राग तरी कशावर होता? त्याच्या बाजूला कोणतीच रेघ नव्हती यावर.

नियम खालून, कष्टकऱ्यांच्या बाजूनेही घडवता येतो, हे महाराष्ट्राने एकदा दाखवले आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याआधी पाठीवर पोते वाहणाऱ्याचे पैसे व्यापाऱ्याच्या मर्जीवर आणि टोळीच्या मुकादमाच्या हातात. कायद्याने मंडळे झाली. मालकाने मजुरी आणि तीवर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाच्या खात्यात, भविष्यनिर्वाह निधी, बोनस, रजेच्या पैशांसह. काम तेच आणि तितकेच जड राहिले. बदलले ते त्याचे पैसे येण्याचे रस्ते, आणि त्याबरोबर हमालाचे बाजारातले स्थान. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हेच काम आणखी पुढे नेले. या व्यवस्थेला कीडही लागली. टोळीत नाव एकाचे आणि पोते वाहणारा दुसराच, माथाडीच्या नावाखाली कारखानदारांकडून खंडणी, हे प्रकार घडले आहेत आणि त्यांचा उल्लेख उद्योजक करतात तो खोटा नाही. ज्या नियमाचे लाभ मिळतात त्याच्या दारावर पहारेकरी बसतातच. मात्र कायद्यापूर्वीच्या बाजारात कोणी हमाल परत जाऊ पाहत नाही.

दुसरे टोक मुंबईच्या डबेवाल्यांचे. त्यांच्या टोळीत महिन्याची वसुली खर्च वजा जाता सर्वांमध्ये सारखी वाटली जाते. इतका साधा, इतका दिसणारा नियम क्वचितच सापडेल, आणि त्यांच्या शिस्तीचे कौतुक व्यवस्थापनाच्या परदेशी प्राध्यापकांनीही केले. पण करोनानंतर कचेऱ्या ओस पडल्या, डबे घटले, वाटायचा ढीगच लहान झाला, आणि कित्येकांनी हा धंदा सोडला. नियमाने रकमेची जागा घेता येत नाही, याचा याहून स्वच्छ दाखला नाही.

आता नवे काम उलट्या दिशेने चालले आहे. ॲपवरून घरपोच जेवण आणि किराणा पोहोचवणाऱ्या, टॅक्सी चालवणाऱ्या अशा कामगारांची संख्या नीती आयोगाने 2020-21 मध्ये 77 लाख धरली होती आणि 2029-30 पर्यंत ती 2 कोटी 35 लाखांवर जाईल असा अंदाज केला होता. त्यांच्या एका फेरीचा दर अंतर, वेळ, पाऊस, मागणी यांवरून यंत्र ठरवते. काल ज्या फेरीचे इतके मिळाले तिचे आज इतके का, हे विचारायला समोर माणूस नसतो. मुकादमाची वही निदान मुकादमाच्या घरी होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांमुळे वेळेवर पगाराचा हक्क कागदावर बऱ्याच जास्त लोकांपर्यंत पोहोचला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत या कामगारांची दखलही आहे, पण त्यांच्या दराबद्दल ती फारसे बोलत नाही. राजस्थानने 2023 मध्ये आणि कर्नाटकाने 2025 मध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदे केले. दोन्हींत प्रत्येक व्यवहारावर कंपनीकडून कल्याण शुल्क घ्यायची तरतूद आहे, आणि कर्नाटकाच्या कायद्यात यंत्राने घेतलेल्या निर्णयांची माहिती कामगाराला द्यावी अशीही अपेक्षा आहे. मालकाकडून कामागणिक शुल्क घेऊन ते मंडळामार्फत असंघटित कामगारापर्यंत पोहोचवायचे, ही रचना महाराष्ट्राला शिकायला दुसरीकडे जायला नको. ती मशीद बंदरच्या आणि मार्केट यार्डाच्या हमालांसाठी इथे पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. फेरीचा दर कसा ठरला हे पावतीवर छापायची सक्ती मात्र माथाडी कायद्यातही नव्हती, ती नव्याने लिहावी लागेल, आणि कंपन्यांचा विरोध शुल्कापेक्षा या एका कलमालाच अधिक होईल.